मतदाराची परीक्षा नको, वर्ग हवा

निवडणूक कुठल्याही देशात होऊ दे, निकाल लागून दोन दिवस होत नाहीत तोच जुना वाद परत पेटतो. एक गट म्हणतो की ज्यांना अंदाजपत्रक कशाशी खातात, कायदा कोण करतं, कोर्टाचं काम काय हे धड सांगता येत नाही त्यांच्या हातात देशाचा कारभार द्यायचाच कशाला, मतदानाआधी एक छोटीशी टेस्ट ठेवा, नाहीतर शिकलेल्याच्या मताला जास्त वजन द्या. दुसरा गट लगेच उसळतो की सामान्य माणसाला सगळं कळतं, त्याला अक्कल शिकवणारे तुम्ही टिकोजीराव कोण. पुढे नुसती हमरीतुमरी. मला विचाराल तर दोन्ही गट मूळ प्रश्नाला हातच लावत नाहीत. पहिल्या गटाला ज्ञान म्हणजे दारावर दाखवायचं तिकीट वाटतं आणि दुसरा गट ज्ञानाची गरजच नाकारून मोकळा होतो. माझं म्हणणं असं आहे की मत प्रत्येकाला, कुठलीही अट न घालता आणि सारख्याच किमतीचं मिळालं पाहिजे, यावर तडजोड नाही. पण मत मिळालेल्या मोठ्या माणसांनी आपल्या सामायिक प्रश्नांवर एकत्र बसून शिकायची सोय हीसुद्धा निवडणूक यंत्रणेइतकीच लोकशाहीची गरज आहे, आणि ती सोय गावागणिक, वस्तीगणिक, कामाच्या ठिकाणी असली पाहिजे. फक्त निरक्षरांसाठी नाही, डिग्रीवाल्यांसाठीसुद्धा.

आधी परीक्षेचं बघू, कारण ही कल्पना काही नवीन नाही आणि ती मांडणारे सगळे दुष्ट होते असंही नाही. इंग्लंडचा विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल हा स्त्रियांच्या मताधिकारासाठी भांडलेला माणूस, पण १८६१ मध्ये त्यानेच जास्त शिकलेल्यांना एकापेक्षा जास्त मतं द्यावीत आणि लिहितावाचता, साधा हिशोब येत नाही त्याला मत देऊ नये असं मांडलं होतं. हेतू चांगला असेल, पण कागदावरची ही कल्पना जमिनीवर उतरली की तिचं काय होतं हे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांनी दाखवलं. मिसिसिपीच्या १८९० च्या संविधानात अट आली की मतदाराला संविधानाचं कलम वाचता आलं पाहिजे किंवा वाचून दाखवलं तर त्याचा समजेल असा अर्थ सांगता आला पाहिजे. आता अर्थ बरोबर सांगितला की चूक हे ठरवणार कोण? नोंदणी करणारा गोरा कारकून. म्हणजे गोऱ्याने काहीही सांगितलं तरी पास आणि काळा माणूस शिक्षक असला तरी नापास, आणि हे सगळं अगदी कायद्याला धरून. १९६५ चा मतदान हक्क कायदा येईपर्यंत हा प्रकार चालला. ब्राझीलमध्ये निरक्षरांना मताचा हक्क मिळायला १९८५ उजाडलं, आणि निरक्षर कोण होते तर बहुतेक गरीब, शेतमजूर, ज्यांच्यासाठी शाळाच काढल्या नव्हत्या. आधी शाळा द्यायची नाही आणि मग शाळेत गेला नाहीस म्हणून मत काढून घ्यायचं! परीक्षेची मेख इथंच आहे, पेपर काढणारा आणि तपासणारा नेहमी सत्तेतला असतो.

याच्या उलट १९५१-५२ ची भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक बघा. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता जेमतेम १८ टक्के, मतदार सतरा कोटींच्या पुढे, आणि तरीही कुठलीही शैक्षणिक अट न ठेवता प्रत्येक प्रौढाला मत दिलं गेलं, उमेदवार ओळखता यावा म्हणून निवडणूक चिन्हं आली. बाहेरच्या जाणकारांना हा वेडेपणा वाटत होता. ती निवडणूक पार पडली, पुढच्याही पडल्या. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांनी सरकारं बसवली आणि पाडलीसुद्धा, त्यामुळे लिहितावाचता न येणं म्हणजे अक्कल नसणं हे समीकरण तिथेच निकालात निघालं.

पण म्हणून दुसऱ्या गटाचं सगळं बरोबर ठरत नाही. पहिल्या गटाच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे आणि ती मान्य करायलाच हवी. आजचे सार्वजनिक प्रश्न अवघड आहेत. पाणी कुणाच्या वाट्याला किती, वीज कशापासून बनवायची, पेन्शनचा बोजा कुणी उचलायचा, आपली खासगी माहिती कोण गोळा करतं, यात अनुभवाने येणारं शहाणपण लागतंच पण तेवढं पुरत नाही. आणि ज्याला कागद वाचता येत नाही त्याला दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवलेल्यावर विश्वास ठेवावा लागतो, तो दुसरा मालक असतो, सावकार असतो, पक्षाचा कार्यकर्ता असतो. जगात आजही सत्तर कोटींहून जास्त प्रौढांना लिहितावाचता येत नाही आणि त्यात दोन तृतीयांश बायका आहेत. त्यांना सगळं कळतं असं म्हणून पाठ थोपटणं म्हणजे त्यांना आहे त्याच जागी ठेवणं. लोकांबद्दल आदर असणं वेगळं आणि त्यांच्या गरजेकडे काणाडोळा करणं वेगळं, दुसरा गट या दोन्हींची गल्लत करतो.

मग करायचं काय? याचं उत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा जॉन्स आयलंडवर शोधलेलं बरं. दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळचं हे बेट, वस्ती बहुतांशी काळ्या शेतकऱ्या-मजुरांची. तिथे ईसॉ जेनकिन्स नावाचा माणूस लोकांना कामासाठी शहरात नेणारी बस चालवायचा आणि वाटेत राज्याच्या संविधानातला तो परीक्षेला येणारा भाग प्रवाशांकडून म्हणवून घ्यायचा. एका बाईने तो ऐकून ऐकून तोंडपाठ केला आणि मतदार म्हणून नाव नोंदवलंसुद्धा. पण तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही, तिला खरोखरचं वाचायला शिकायचं होतं. यातून जानेवारी १९५७ मध्ये तिथे पहिली नागरिक शाळा सुरू झाली. पुढे सहकारी दुकान आणि मागच्या खोलीत वर्ग, म्हणजे गोऱ्यांना संशय येऊ नये. सेप्टिमा क्लार्क या अनुभवी शिक्षिकेने आखणी केली पण शिकवायला मुद्दाम पेशाने शिक्षक नसलेल्या बर्निस रॉबिन्सनला घेतलं. ही केस करणारी, ब्यूटी पार्लर चालवणारी बाई, म्हणजे तिचं पोट गोऱ्या मालकांवर अवलंबून नव्हतं आणि मोठ्या माणसांशी शाळकरी पोरांसारखं बोलायची तिला सवयही नव्हती. तिने पहिल्या दिवशी सांगून टाकलं की मी काही टीचर नाही, आपण सगळे मिळून शिकू, आणि मग विचारलं की तुम्हाला काय शिकायचंय. कुणाला स्वतःचं नाव लिहायचं होतं, कुणाला परगावच्या पोरांची पत्रं वाचायची होती, कुणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता. तेच वर्गातले धडे झाले. भिंतीवर मात्र मानवी हक्कांचा जाहीरनामा लावलेला, की हंगाम संपेपर्यंत हा प्रत्येकाला वाचता आला पाहिजे.

या वर्गात काय काय घडत होतं ते नीट बघा. मनीऑर्डरचा फॉर्म आणि मानवी हक्कांचा जाहीरनामा एकाच खोलीत, एकाच संध्याकाळी. अक्षर हवं होतं ते स्वतःच्या कामासाठी, पण ते शिकता शिकता गप्पा निघायच्या त्या रस्त्याच्या, शाळेच्या, मजुरीच्या, आणि आपली ही अवस्था का आहे याच्या. माणूस मत द्यायला जाईपर्यंत त्याला चार लोकांसमोर बोलायची, दुसऱ्याचं ऐकून घ्यायची, मतभेद झाला तरी पुढच्या आठवड्यात परत येऊन बसायची सवय लागलेली असायची. ही शाळा ज्या संस्थेच्या मदतीने उभी राहिली त्या टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूलमध्येच रोझा पार्क्स १९५५ च्या उन्हाळ्यात शिबिराला गेल्या होत्या आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला त्यांनी गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला. एका शिबिराने चळवळ उभी राहिली असं मी म्हणत नाहीये, पार्क्स त्याआधी कित्येक वर्षं काम करत होत्या. पण राज्य सरकारला या वर्गांची ताकद बरोबर कळली होती, १९६१ मध्ये टेनेसीने हायलँडरची सनद रद्द करून संस्थेला टाळं लावलं. नुसत्या बाराखडीला सरकार इतकं घाबरेल का?

हायलँडरची कल्पना तिचा संस्थापक मायल्स हॉर्टनने डेन्मार्कमधल्या लोकशाळा पाहून पक्की केली होती, आणि त्या लोकशाळांची गोष्ट आणखी जुनी. ग्रुंटविग या डॅनिश धर्मगुरू-कवीच्या विचारातून पहिली लोकशाळा १८४४ मध्ये रोडिंगला निघाली, डेन्मार्कचं लोकशाही संविधान आलं १८४९ मध्ये. तरुण शेतकरी हिवाळ्यात शेतीची कामं थंडावली की तिथे जाऊन राहायचे, इतिहास, भाषा, गाणी, चर्चा, आणि परीक्षा अजिबात नाही. ग्रुंटविगला पोपटपंचीचा तिटकारा होता, त्याला जिवंत बोलणं हवं होतं. १८६४ च्या युद्धात हरल्यावर अशा शाळा झपाट्याने वाढल्या, १८८२ मध्ये तिथली पहिली सहकारी डेअरी निघाली आणि पुढच्या काही वर्षांत गावोगाव डेअऱ्या झाल्या, त्या चालवण्यात लोकशाळेतून आलेले शेतकरी पुढे होते. इंग्लंडात १९०३ मध्ये अल्बर्ट मॅन्सब्रिजने कामगारांसाठी शिक्षण संघटना काढली आणि १९०८ मध्ये रॉचडेलला इतिहासकार आर. एच. टॉनीचे वर्ग सुरू झाले, एक तास व्याख्यान आणि एक तास चर्चा, विषय विद्यार्थ्यांनी निवडायचा, आणि तीन वर्षं टिकून राहायचं. दिवसभर राबून आलेले कामगार संध्याकाळी अर्थशास्त्रावर टॉनीशी वाद घालायचे. कॅनडात नोव्हा स्कोशियाच्या मच्छीमारांनी १९३० च्या दशकात मोझेस कोडी या पाद्र्याच्या प्रेरणेने अभ्यास मंडळं काढली, आपल्या मालाला भाव का मिळत नाही इथून सुरुवात केली आणि स्वतःच्या पतसंस्था नि सहकारी संस्था उभ्या केल्या. धर्म, हवामान, भाषा सगळं वेगळं असूनही पॅटर्न तोच दिसतो, की स्वतःचा प्रश्न, सोबत बसलेली माणसं आणि त्यातून निघालेलं काहीतरी प्रत्यक्ष काम.

आता विरोधातला सगळ्यात जड मुद्दा, जो खरं तर दोन्हीपैकी कुठलाच गट मांडत नाही. जर्मनी. पहिल्या महायुद्धानंतर तिथे आलेल्या लोकशाहीच्या, म्हणजे वायमार प्रजासत्ताकाच्या १९१९ च्या संविधानात लोकशिक्षणाला सरकारने हातभार लावावा असं चक्क कलम होतं, १४८ वं. प्रौढांच्या लोकशाळा तिथे गावोगाव निघाल्या. साक्षरता जगात वरच्या नंबरची, विद्यापीठं जगप्रसिद्ध, आणि तरी १९३३ मध्ये काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. उलट विद्यापीठांतली पोरं आघाडीवर होती, जर्मन विद्यार्थी संघटना १९३१ मध्येच नाझी विद्यार्थ्यांच्या ताब्यात गेली होती, म्हणजे हिटलर सत्तेवर यायच्या आधीच. मग एवढं शिक्षण पालथ्या घड्यावर पाणीच ना?

या मुद्द्याला टाळून पुढे जाता येत नाही, आणि तो मांडला की पहिल्या गटाचा पाया सगळ्यात आधी खचतो, कारण शिकलेला मतदार चांगला मतदार हे गृहीतकच त्यात बुडतं. पण माझ्या म्हणण्यालाही तो धक्का देतो. वर्ग उघडले की लोकशाही वाचते असा दावा मी केला असता तर जर्मनीने तो खोटा पाडला असता. साठ लाख लोक बेकार असताना संध्याकाळचा वर्ग त्यांचं पोट भरत नाही, ते काम धोरणांचं असतं. तरीपण तिथल्या वर्गांचं स्वरूप बघण्यासारखं आहे. तिथलं बरंच लोकशिक्षण पक्षांच्या, चर्चच्या, विचारसरणीच्या गोटांत वाटलं गेलं होतं, समाजवाद्यांचं वेगळं, कॅथलिकांचं वेगळं, राष्ट्रवाद्यांचं वेगळं, म्हणजे माणूस शिकायला जाणार तिथेही त्याला स्वतःसारखीच माणसं भेटणार. वेगळ्या मताच्या माणसांची गाठ पडायला जागा फार थोड्या होत्या. माझ्या मते इथून घ्यायचा धडा हा की प्रौढांचा वर्ग मिसळलेला हवा, नाहीतर तो आधीपासूनची मतं आणखी घट्ट करतो. आणि आणखी एक बाब, सत्तेत आल्यावर नाझींनी या लोकशाळा बंद तरी केल्या किंवा ताब्यात तरी घेतल्या. निरुपयोगी असत्या तर कशाला एवढी घाई केली असती?

ताब्यात घेण्यावरून पुढचा आक्षेप आपोआप येतो. मोठ्या माणसांना शिकवायचं म्हणजे कुणाचा अजेंडा शिकवायचा? हा आक्षेप घेणाऱ्यांना मी प्रचारकी म्हणणार नाही, त्यांच्याकडे पुरावे आहेत. क्यूबाने १९६१ च्या एका वर्षात सुमारे सात लाख लोकांना साक्षर केलं, हे मोठंच काम होतं, पण त्या साक्षर माणसाला दुसरा पक्ष निवडायची सोय काही मिळाली नाही. ब्राझीलमध्ये तर हे नाटक दोन्ही बाजूंनी झालं. पाउलो फ्रेइरे या शिक्षणतज्ज्ञाने १९६३ मध्ये आंजिकोस गावात तीनशे मजुरांना चाळीस तासांत लिहायला-वाचायला शिकवायचा प्रयोग केला, शब्द त्यांच्याच जगण्यातले घेतले आणि प्रत्येक शब्दावर आधी चर्चा. निरक्षराला मत नव्हतं म्हणजे प्रत्येक वर्ग नवे मतदार तयार करत होता. १९६४ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, फ्रेइरेला तुरुंगात टाकलं, मग तो पंधरा वर्षांहून जास्त देशाबाहेर. पण गंमत नव्हे, गांभीर्याने घ्यायची गोष्ट अशी की त्याच लष्करी सरकारने नंतर स्वतःची साक्षरता मोहीम काढली. अक्षरं तीच, चर्चा तेवढी काढून टाकली. म्हणजे साक्षरता कुणालाही वापरता येते, सत्तेला अडचण होते ती प्रश्न विचारण्याची.

त्यामुळे अजेंड्याच्या आक्षेपावर माझं उत्तर असं की विषय वरून येता कामा नये. पैसा सरकारने द्यावा, जागा द्यावी, दिवे-पंखे-पुस्तकं द्यावीत, पण काय शिकायचं हे वर्गाने ठरवावं आणि वर्ग चालवणाऱ्याने कुठल्याही प्रश्नाची किमान दोन उत्तरं टेबलावर ठेवावीत. स्वीडनमध्ये ऑस्कर ओल्सनने १९०२ मध्ये सुरू केलेली अभ्यास मंडळं अशीच चालायची, शिक्षक म्हणून कुणी वर बसलेला नाही, पुस्तक मध्ये ठेवायचं आणि सगळ्यांनी बोलायचं. शंभर टक्के निर्लेप असं काहीच नसतं, वर्तमानपत्र नसतं, शाळा नसते. पण उंटावरून शेळ्या हाकणारी मोहीम आणि लोकांनी स्वतः चालवलेला वर्ग यातला फरक चार दिवस बसलं तरी कळतो. पहिल्यात आकडे मोजतात, किती लोक सही करायला लागले. दुसऱ्यात भांडणं होतात, आणि ती झालीच पाहिजेत. नेल्लोर जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता वर्गातल्या बायकांनी दारूवरच्या धड्यावर चर्चा करता करता गावातलं दारूचं दुकानच बंद पाडलं, तो लोण जिल्हाभर आणि मग राज्यभर गेला आणि १९९३ मध्ये आंध्र सरकारला अरकावर, म्हणजे स्वस्त देशी दारूवर, बंदी घालावी लागली. दारूबंदी हे धोरण बरोबर की चूक हा वेगळा वाद, पण ज्यांनी मोहीम आखली त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेवर हे नव्हतं. ते बायकांनी आणलं.

अजून एक युक्तिवाद हल्ली ऐकू येतो, की आता कशाला वर्ग, प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, हवी ती माहिती दोन सेकंदात. माहिती मिळते हे खरं. पण एकट्याने स्क्रीनवर व्हिडिओ बघणाऱ्या माणसाला त्याच्या मताला कुणी समोरासमोर अडवत नाही, आणि अडवलं तर तो ब्लॉक करून मोकळा होतो. वर्गात शेजारी बसलेल्या माणसाला ब्लॉक करता येत नाही. आयर्लंडने २०१६ मध्ये नव्व्याण्णव नागरिक चिठ्ठी टाकल्यासारखे निवडून एकत्र बसवले, गर्भपातासारखा देशाला फाडणारा विषय, पाच वीकेंड, डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते येऊन बोलले, लोकांनी प्रश्न विचारले, छोट्या टेबलांवर चर्चा केली आणि शेवटी मतदान करून शिफारस दिली. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी संविधानातली गर्भपातबंदी काढण्याच्या बाजूने कौल दिला, म्हणजे त्या नव्व्याण्णवांचं म्हणणं देशाला परकं वाटलं नाही. निकाल तुम्हाला पटो न पटो, पण कुठलीही परीक्षा न घेता निवडलेली साधी माणसं अवघड विषय समजून घेतात का याचं उत्तर तिथे मिळालं. कमी एवढीच की हे शिकणं नव्व्याण्णव जणांच्या वाट्याला आलं, बाकीचे बातम्या बघत बसले. ते वस्तीवस्तीत का होऊ नये?

न होण्याचं खरं कारण वेगळंच आहे आणि तो आक्षेप मला सगळ्यात जास्त बोचतो. जे आधीच शिकलेले, मोकळे, बोलके असतात तेच अशा ठिकाणी येतात आणि ज्यांना गरज असते ते येत नाहीत. ते आळशी असतात म्हणून नाही. दोन शिफ्टमध्ये काम करणारा माणूस, घरी लहान मूल आणि आजारी सासू सांभाळणारी बाई, यांनी संध्याकाळी दोन तास आणायचे कुठून? डेन्मार्कचा शेतकरी हिवाळ्यात मोकळा होता, जॉन्स आयलंडचे वर्गही शेतीचा हंगाम बघूनच ठरायचे. आजच्या रोजंदारीवर किंवा ॲपवर काम करणाऱ्याला असा मोकळा हंगामच नाही. म्हणून प्रौढशिक्षणाची चर्चा पुस्तकं नि शिक्षकांवर थांबते तेव्हा ती अर्धीच राहते, तिने कामाच्या तासांपर्यंत, वर्गाच्या वेळी मुलं सांभाळायच्या सोयीपर्यंत, बुडालेल्या मजुरीपर्यंत गेलं पाहिजे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७४ मध्येच पगारी शिक्षण रजेचा करार केला आहे, १४० व्या क्रमांकाचा, आणि त्यात नुसतं नोकरीतलं कौशल्य नाही तर सामान्य, सामाजिक आणि नागरी शिक्षणासाठीही रजा मिळावी असं स्पष्ट लिहिलंय. पन्नास वर्षं होऊन गेली, जगातल्या बहुतेक देशांनी अजून तो मंजूर केलेला नाही. मतदार अडाणी आहेत म्हणून निवडणुकीनंतर कपाळाला हात लावणाऱ्यांनी आपल्या देशाने या करारावर सही केलीय का हे आधी विचारावं, आणि लोकांना सगळं कळतं म्हणणाऱ्यांनीही तेच विचारावं, कारण त्या सहीसाठी दोघांनाही एकाच दारावर जावं लागणार आहे.